दुसऱ्या बाटलीतले बुडबुडे

एप्रिल लागला की भोपाळात आधी मुंग्या बाहेर पडतात आणि मग कूलर. मी हल्ली करोंदच्या बाजूला राहते. या दिवसांत मंडीकडे जाणाऱ्या गव्हाच्या ट्रॉल्यांची रांग सकाळपासून लागलेली असते, खिडकीच्या चौकटीत भुशाची बारीक पूड बसते आणि कूलरमधली वाळ्याची नवी खस भिजली की घरभर तो ओला, मातकट वास पसरतो. गेल्या आठवड्यात स्वयंपाकाच्या ओट्यावरून मुंग्यांची एक ओळ चाललेली दिसली. फडकं घ्यायचं सोडून मी चष्मा लावला आणि ती कुठून कुठे जाते ते बघत उभी राहिले. तेवढ्यात इकडे दूध उतू गेलं. मुंग्यांची ओळ मला पुसवत नाही, दुसऱ्या टोकाला काय आहे ते कळल्याशिवाय चैनच पडत नाही. ही खोड मला एका उन्हाळ्यानं लावली.

तेव्हा आम्ही भोपाळातच बरखेड्यात, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. सगळी क्वार्टरं एकासारखी एक, पुढे पेरूचं किंवा सीताफळाचं झाड, मागे एक लहानसा व्हरांडा. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा फाटकाकडे निघायचा आणि दुसऱ्या भोंग्याला तसाच परत यायचा. त्या लोंढ्यात माझे बाबा ओळखू यायचे, कारण ते सायकल चालवतानासुद्धा रस्त्याचे खड्डे तपासत चालल्यासारखे दिसत. ते ओतकामाच्या खात्यात निरीक्षक होते. लोखंडाचे ओतीव नग त्यांच्यापुढे यायचे, ते त्यांवर हातोडी वाजवून, माप लावून, बारीक चिरा शोधून 'पास' किंवा 'नापास' म्हणायचे आणि चिठ्ठीवर सही करायचे. एकदा नापास म्हणजे नापास. मोठ्या साहेबांनी येऊन विनवण्या केल्या तरी सही बदलायची नाही, असा त्यांचा लौकिक होता. घरातही तेच चाले. बाजारातून आणलेली भेंडी, माझं अक्षर, आईच्या पोळ्या, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं.

ओतकामात वाळूची आणि काजळीची धूळ फार. घसा साफ राहावा म्हणून तिथल्या माणसांना कारखान्याकडून रोज गुळाचा एक खडा मिळायचा. बाबा मूळचे वर्ध्याकडचे आणि आई मालवणकडची. आई आमटीत गुळाचा खडा टाकायची आणि बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "हे वरण आहे का शिरा?" असं ते रोज एकदा म्हणत. गूळ त्यांना मुळीच चालत नसे. त्यामुळे कारखान्यातला खडा कागदात बांधून, खाकी शर्टाच्या खिशात घालून ते घरी आणायचे आणि माझ्या हातावर ठेवायचे. मी कॉलेजात जायला लागले तरी तो खडा यायचाच. त्याला वंगणाचा आणि लोखंडाचा किंचित वास असे, आणि मला तो वासच आवडायचा.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. टाउनशिपच्या वाचनालयात एका विज्ञान मासिकात मी वाचलं की समुद्रातल्या शेवाळापासून गाड्यांचं इंधन करता येईल. शेवाळाला शेत लागत नाही, खत लागत नाही, गोडं पाणी लागत नाही. त्याच्या अंगात साखर असते. ती मोकळी करायची, यीस्टला खाऊ घालायची आणि यीस्ट जे अल्कोहोल सोडतं ते जाळायचं. मी ते पान तीनदा वाचलं. जिथून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो मैल लांब आहे अशा गावात बसून मला समुद्राचं वेड लागलं. त्यातच आमच्या सक्सेना मॅडमनी वर्गात एक पत्रक दाखवलं. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरची एक संशोधन संस्था काही मुलांना प्रशिक्षणाला घेणार होती. अट एकच होती, स्वतः केलेल्या एखाद्या प्रयोगाचा अहवाल मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पाठवायचा आणि त्यावर प्राध्यापकांची सही हवी.

बाबांनी ऐकून घेतलं. ताटावरून उठता उठता म्हणाले, "प्रयोग जमला तर जा. नाही जमला तर बी.एड.चा फॉर्म भरायचा. मग रडायचं नाही."

आईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण बाबांनी हात धुवायला घेतले होते. पास किंवा नापास. मीही मान डोलावली. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या उन्हाळ्यात एका बाटलीवर येऊन बसलं.

शेवाळ मालवणच्या मामानं पाठवलं, रेल्वे पार्सलनं, गोणीत भरून, दगडांवरून खरवडून वाळवलेलं. गोणी रिक्षातून उतरली आणि अख्ख्या गल्लीत समुद्र उतरला. मला तो वास आजही नीट सांगता येत नाही. मीठ, लोखंड, ओलं पोतं आणि कसलीशी जुनी ताजगी. आई बराच वेळ गोणीत तोंड घालून उभी राहिली. शेजारच्या तिवारी आंटी मात्र पदर नाकाला लावून कुंपणापाशी आल्या.

"भाभीजी, मछली मँगवाई है क्या?"

"मछली नहीं, घास है. समुंदर की," आई म्हणाली.

"घास? खाने की?"

"नहीं आंटी, इसका पेट्रोल बनेगा," मी म्हणाले.

संध्याकाळी तिवारी अंकल आपली लूना ढकलत आमच्या फाटकाशी आणून उभे. "बिटिया, पहला लीटर इसमें डालना. बुकिंग कर के जा रहा हूँ." त्यानंतर रोज येता-जाता ते "कितना निकला?" विचारायचे आणि मी "बस, निकलने वाला है" सांगायचे.

ती कोरडी, कुरकुरीत, काळपट हिरवी पापडी मी बादलीत भिजत घातली आणि ती हळूहळू उलगडली. पातळ, हिरवी, जवळजवळ पारदर्शक पानं. ती किती पाण्यांनी धुतली त्याला हिशेब नाही, कारण मिठानं यीस्टचा जीव जातो असं मॅडमनी बजावलं होतं. मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत पातळ आम्लात उकळणं. पानवाल्याकडचा चुना घालून त्याचा आंबटपणा मारणं. गाळणं. बेकरीवाल्याकडून खमीर, म्हणजे तेच यीस्ट, आणणं. त्या बेकरीवाल्यानं विचारलं, "क्या बनाओगी, डबलरोटी?" मी सांगितलं काय ते, तर त्यानं एका पुडीऐवजी दोन दिल्या आणि म्हणाला, "बने तो बताना."

त्या दिवसांत मला सगळीकडे आंबणंच दिसायला लागलं होतं. सकाळी पोहे-जलेबी आणायला गेले की मी हलवायाच्या पिठाच्या परातीत डोकवायची. पिठावर बारीक बारीक डोळे उघडलेले असत आणि मिटत. इडलीचं पीठ फुगलं की आईच्या आधी मी झाकण काढायची. डोळ्यांना न दिसणारा एवढासा जीव, त्याला हात नाहीत, दात नाहीत, तो साखर खातो आणि श्वास सोडतो, आणि त्या श्वासावर जिलबी फुगते. मला वाटायचं, जगात एवढं मोठं काम चाललंय आणि कुणाचं लक्षच नाही.

इस्पितळातून मागून आणलेल्या सलाइनच्या दोन काचेच्या बाटल्या मागच्या व्हरांड्यातल्या लाकडी फळीवर मांडल्या. दोन्हींत शेवाळाचं तेच पाणी. पहिलीत खमीर नाही, दुसरीत खमीर. रबरी बुचातून सलाइनचीच नळी काढून तिचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं. यीस्ट जेवलं की पेल्यात बुडबुडा येणार. मी वही घेऊन समोर बसले.

पहिला दिवस, काही नाही. दुसरा दिवस, सकाळी दोन-तीन बुडबुडे, मग काही नाही. तिसरा दिवस, काहीच नाही. मी बाटली उन्हाच्या तिरिपेत ठेवली, मग काढली, कोमट फडक्यात गुंडाळली. कूलरजवळ गार पडेल म्हणून घरातला कूलर बंद करायला लावला आणि आईचं बोलणं खाल्लं. माझी भूकच मेली होती. ताट पुढे यायचं आणि तसंच परत जायचं. बाबा कामावरून आले की व्हरांड्यात धुळीचा शर्ट काढून खिळ्याला अडकवायचे, कारण तो शर्ट आई घरात येऊ देत नसे. मग बाटलीकडे एक नजर टाकायचे आणि हातपाय धुवायला जायचे. ती नजर मला तपासणीची वाटायची. मनातल्या मनात मी बी.एड.च्या फॉर्मवर नाव घालून बसले होते.

पाचव्या दिवशी सकाळी पेल्यात बुडबुडा आला. मी हललेच नाही. दुसरा आला. तिसरा. दुपारपर्यंत त्यांची अशी माळ लागली की मला मोजता येईना. "आई! जेवतंय गं ते!" मी ओरडले. आई पिठाच्या हातांनी धावत आली. आम्ही दोघी जमिनीवर उकिडव्या बसून त्या पेल्याकडे पाहत राहिलो. माझा जीव भांड्यात पडला आणि त्या दिवशी मी दोनदा भात घेतला. बुडबुडे आठवडाभर थांबले नाहीत. गुळाचा खडा मात्र यायचा थांबला होता. मला वाटलं, मुलगी आता मोठी झाली असं बाबांना वाटलं असेल.

पुढे जुन्या कुकरला नळी जोडून, ती ओल्या टॉवेलमधून नेऊन, आम्ही अर्ध्या बाटलीतलं पाणी गाळलं. व्हरांड्यात हातभट्टीसारखा असा वास सुटला की आईनं पुढचं दार लावून घेतलं. "पोलीस आले ना, तर मी सांगणार, मुलगी कॉलेजची आहे, मी इथली नव्हेच, मालवणची पाहुणी." वाटीत चमचा-दीड चमचा पाणी जमलं. त्यात कापसाची वात भिजवून मी काडी लावली. निळी ज्योत. इतकी फिकट की हाताचा आडोसा करावा लागला. आईनं हात जोडले. बाबा दारात उभे होते. त्यांनी बघितलं, "हं" म्हणाले आणि आत गेले. मला वाईट वाटलं. पास झालेल्या नगाला दोन शब्द बरे बोलायला काय हरकत होती?

अहवाल मी दोन दिवसांत लिहून काढला. सोमवारी मॅडमची सही घ्यायची होती. रविवारी दुपारी आई फळी पुसायला गेली आणि करवादली, "ही बाटली उचल बघू इथून, मुंग्याच मुंग्या झाल्यात!"

मी गेले. खरंच, दुसऱ्या बाटलीच्या गळ्याभोवती मुंग्यांचं काळं कडं झालं होतं. पहिल्या बाटलीकडे एकही फिरकत नव्हती. मला गंमत वाटली. शेवाळ दोन्हीकडे तेच, धुतलेलं तसंच, उकळलेलं तसंच. मग मुंग्यांना हा फरक कसा कळला? अल्कोहोलचा वास आवडत असेल का? वहीत लिहावं म्हणून मी नीट पाहिलं. बुचाच्या कडेला काहीतरी चिकट, तपकिरी लागलेलं होतं. बाटलीच्या मागे फळीवर गुळाचा बारीक चुरा होता. मुंग्यांची ओळ चुऱ्यापासून निघत होती. ती स्वयंपाकघराकडे जात असेल असंच मी धरून चालले होते, कारण गूळ म्हटला की आमच्या घरात आईचंच नाव यायचं. पण ओळ स्वयंपाकघराकडे गेलीच नाही. ती भिंतीवरून तिरकी वर चढली आणि खिळ्याला अडकवलेल्या खाकी शर्टाच्या खिशात गेली.

मी खिशात हात घातला. आत चुरगळलेला कागद होता आणि कागदात गुळाची भुकटी.

बाबा पलंगावर पेपर वाचत होते. मी कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि चष्मा काढला.

"हा तुम्ही घातला? रोज?"

"रोज. एक एक खडा."

"पण बाबा, मग ती ज्योत गुळाची होती! शेवाळाची नव्हतीच. तुम्हाला एवढं कळलं नाही?"

"अठ्ठावीस वर्षं तपासणी करून राहिलो मी," ते म्हणाले. "हे नाही समजणार मला? समजूनच घातला."

मी पलंगाच्या कडेवर टेकले.

"अट घातली अन् दुसऱ्याच दिवसापासून पस्तावलो मी. मागे घेता येईना. सवयच नाही ना. तू जेवत नव्हती, त्या बाटलीपुढे बसून राहायची. मग म्हटलं, जमू दे तिचं." मग हळूच म्हणाले, "मॅडमला नको सांगू, मंजे. अहवाल तर लिहून झाला तुझा."

मला त्यांचा इतका राग आला आणि त्याच क्षणी इतकी माया आली की दोन्हींतलं काय आधी बाहेर काढावं ते कळेना. राग आधी आला. "असा नग तुम्ही पास केला असता?" मी विचारलं. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, नीट घडी केला आणि हातातच धरून बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला ते म्हातारे दिसले.

सोमवारी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या हसतील किंवा रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "चींटियों वाली बात लिखी है?" मी नाही म्हटलं. "तो वही लिखो. और एक बार फिर करो. आठ दिन हैं. जो निकले, वही लिखना."

गोणीच्या तळाशी उरलेल्या शेवाळावर मी पुन्हा सगळं केलं. बाबा आता व्हरांड्यात येतच नव्हते, शर्टसुद्धा पुढच्या अंगणात दोरीवर टाकत. पण या खेपेला मला आधीसारखी धाकधूक नव्हती. बी.एड. समोर दिसत होतं आणि तरी रोज सकाळी उठून पेला बघायची उत्सुकता काही कमी होत नव्हती. सुरुवातीला थोडे बुडबुडे आले, मग थांबले. आता मला त्याचं कारण माहीत आहे. शेवाळाच्या अंगातल्या बऱ्याचशा साखरा आपल्या खमिराला ओळखूच येत नाहीत. पुढ्यात वाढलेलं असतं आणि ते उपाशी राहतं. जगभरात मोठमोठी माणसं अजून या पंगतीची व्यवस्था लावताहेत. तेव्हा मला एवढंच दिसलं की कुकरच्या नळीतून आलेल्या पाण्याला वास आहे, पण वात पेटत नाही. सात काड्या ओढल्या. सातही विझल्या.

अहवालात मी तेच लिहिलं. शेवटच्या पानावर आधीच्या खेपेच्या दुसऱ्या बाटलीबद्दल एक ओळ घातली, 'या बाटलीत घरातल्या एका व्यक्तीकडून बाहेरची साखर गेली होती, त्यामुळे तिचे निष्कर्ष ग्राह्य नाहीत.' आणि मुंग्यांवर अर्धं पान लिहिलं, ओळीच्या आकृतीसकट.

संध्याकाळी बाबांनी अहवाल वाचायला मागितला. मी दिला. ते जेवणाच्या टेबलाशी बसून प्रत्येक ओळीवर बोट ठेवत वाचत गेले. आमच्या घरात कुठलाही कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. शेवटच्या पानावर बोट थांबलं. मला वाटलं, आता ही ओळ काढायला सांगणार. त्यांनी खिशाचं पेन काढलं, 'घरातल्या एका व्यक्तीकडून' यावर रेघ मारली आणि वर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. खाली आपल्या कारखान्याच्या हिंदीत लिहिलं, 'निरीक्षक द्वारा हस्तक्षेप. परीक्षण अमान्य.' मग सही केली. हुद्दा लिहिला. तारीख घातली.

आई ओट्यापाशी पाठ करून उभी होती, तिचा भाजी ढवळायचा हात थांबला होता.

"तपासणारानंच नगाला हात लावला तर तपासणी रद्द होते," बाबा म्हणाले. "अन् तपासणी रद्द, तर अट कशाची? त्यांचं उत्तर हो आलं तर तू जायचं. नाही आलं तर पुढच्या वर्षी परत पाठवायचा."

मी रडले. अगदी लहान पोरीसारखी, मोठ्यानं. बाबांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी माझा अहवाल पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला.

जूनमध्ये संस्थेचं पत्र आलं. या, म्हणून. पत्रात माझ्या प्रयोगाबद्दल एक अक्षर नव्हतं, मुंग्यांच्या आकृतीचं मात्र कौतुक होतं. तिवारी अंकलनी लूनावरून माझी ट्रंक स्टेशनला नेऊ केली, ती त्यांच्यासकट एका बाजूला कलली आणि शेवटी रिक्षाच करावी लागली. फलाटावर बाबा माझ्या डब्याची खिडकी खालीवर करून बघत होते, कडी नीट लागते का ते. मला वाटलं, आता सूचना होतील. पत्र टाक, वेळेवर जेव, कुणाशी फार बोलू नको. गाडीनं शिटी दिली तरी ते कडीच तपासत होते. मग गाडी हलली तसे खिडकीचा गज धरून दोन पावलं चालले. चेहरा असा, की किती दिवस मनात ठेवलेलं आता बाहेर येतंय.

"मंजे, एक विचारायचं होतं," ते घाईघाईनं म्हणाले. "आपलं खमीर तर डबलरोटीचं. त्याला समुद्राचं खाणं कसं पचणार? समुद्रातपण असंच एखादं यीस्ट राहत असेल ना? त्याला हे जमत असेल. विचार बरं तिथे कुणाला."